मुलांच्या मायग्रेनवर रोजचं औषध निवडताना: गोव्यातल्या पालकांसाठी, पायरीपायरीने

माझी लेक चौथीत असताना पहिल्यांदा डोकं धरून बसली ती साखळीहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये. बस लागली असेल म्हणून आम्ही लिंबू हुंगायला दिलं. घरी आल्यावर दोन उलट्या, अंधाऱ्या खोलीत तीन तास गाढ झोप, आणि उठली ती ठणठणीत, भूक लागली म्हणून पेज मागत. पुढची दीडेक वर्षं हेच चालू होतं. आम्ही कधी पित्त म्हटलं, कधी चष्म्याचा नंबर, कधी दृष्ट काढली. आज ती नववीत आहे. मधल्या काळात तिला रोज घ्यायची दोन औषधं झाली. एक बंद करावं लागलं, दुसरं लागू पडलं, आणि आता ती औषधाशिवाय आहे.

मी डॉक्टर नाही. औषध आणि डोस ठरवणं हे डॉक्टरांचंच काम. पण त्यांच्यासमोर मिळणाऱ्या दहा मिनिटांत काय सांगायचं आणि काय विचारायचं हे आम्हाला फार उशिरा कळलं, म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. "सगळ्यात जोरदार औषध कुठलं?" हा प्रश्न मी वर्षभर ज्याला त्याला विचारत होते. तो प्रश्नच चुकीचा होता. मुलांमध्ये या औषधांच्या ताकदीत फारसा फरक सापडलेला नाही, फरक आहे तो त्यांच्यापासून होणाऱ्या त्रासात. म्हणून निवड औषधाकडे बघून नाही, मुलाकडे बघून होते: दमा आहे का, झोप कशी आहे, वजन कसं आहे, मन कसं आहे.

१. आधी मायग्रेनच आहे ना, ते पक्कं करा

माझ्या आईला अर्धशिशी होती. त्या शब्दामुळेच आमची फसगत झाली. लेकीचं दुखणं अर्ध्या डोक्यात नव्हतं, पूर्ण कपाळावर होतं. मुलांमध्ये ते बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी किंवा कपाळावरच असतं. मोठ्यांचा झटका निदान ४ तास चालतो, मुलांमध्ये २ तासांचाही धरतात. मळमळ किंवा उलटी होणं, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं, चाललं किंवा जिना चढला की दुखणं वाढणं, या त्याच्या खुणा. असे निदान पाच झटके आले की डॉक्टर मायग्रेन म्हणतात. लहानपणी वारंवार पोट दुखणं, गाडी लागणं, घरात आई, मावशी, आजी यांपैकी कुणाला तरी असणं, हेही जरूर सांगा.

पुढच्यापैकी काहीही असेल तर मात्र डायरी वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठा:

- ताप आणि मान आखडणं
- डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं
- रात्री झोपेतून उठवणारं, किंवा रोज पहाटे उलटीसह येणारं दुखणं
- तोल जाणं, चाल बदलणं, एकाचे दोन दिसणं, हातापायातली शक्ती कमी होणं
- खोकताना, वाकताना, जोर करताना वाढणारं दुखणं
- एकाएकी, क्षणात, कधी नव्हे इतक्या जोराने उठलेलं दुखणं

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर वरच्यापैकी काही नसलं तरी डॉक्टरांना लवकर दाखवा. आणि यातलं काहीच नसेल, तपासणीत मज्जासंस्था ठीक असेल, तर बहुतेक मुलांना एमआरआय लागत नाही. डॉक्टर नको म्हणाले तर आम्ही म्हणालो तसं "एकदा काढूनच टाकू" म्हणून हट्ट धरू नका.

२. दोन महिने डायरी लिहा

साधी दोनशे पानी वही पुरते. आमच्या वहीत तारखेसमोर सहा रकाने होते: कधी सुरू झालं, किती तास चाललं, दहापैकी किती दुखलं, उलटी झाली का, कुठली गोळी किती वाजता दिली, आणि शाळा बुडली का. शेवटी एक मोकळी ओळ, त्या दिवशीची झोप, जेवण, ऊन, पाळी याबद्दल.

डायरीने आम्हाला दोन गोष्टी दाखवल्या ज्या डोळ्यांसमोर असून दिसल्या नव्हत्या. पहिली: तिचं डोकं महिन्याला "तीनचार वेळा" नव्हे, तब्बल ११ दिवस दुखत होतं. दुसरी: एप्रिल-मेमध्ये सत्तरीत आजोळी गेलो की झटके हमखास वाढायचे. काजूच्या भट्टीचा वास, ऊन, आणि भावंडांबरोबर गप्पांमध्ये बाराला झोपणं, हे तिन्ही एका जागी येत होतं. नुसत्या वासाने काही व्हायचं नाही. वास आणि जागरण एकत्र आलं की व्हायचं.

लिहायचं काम हळूहळू मुलाकडेच द्या. पण दिवसातून एकदाच. तासातासाला "दुखतंय का गं?" विचारू नका, मी ते केलं आणि तिचं सगळं लक्ष डोक्याकडेच लागून राहिलं.

३. रोजच्या औषधाची गरज खरंच आहे का?

रोजचं औषध झटका थांबवण्यासाठी नसतं, झटक्यांची संख्या कमी करण्यासाठी असतं. हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि घरातल्या सगळ्यांना ते कळायला हवं. आमच्याकडे आजी डोकं दुखायला लागलं की रात्रीची गोळीच दुपारी द्यायला निघाल्या होत्या.

साधारणपणे महिन्यात चार किंवा अधिक दिवस दुखत असेल आणि त्यामुळे शाळा, खेळ, झोप बिघडत असेल, तर डॉक्टर रोजच्या औषधाचा विचार करतात. नुसती संख्या पुरत नाही, नुकसानही मोजतात. त्यासाठी पेडमिडास नावाची सहा प्रश्नांची मोजणी आहे: गेल्या तीन महिन्यांत किती दिवस शाळा पूर्ण बुडली, किती दिवस अर्धी, घरचं काम किती दिवस राहिलं, खेळायला जाता आलं नाही असे किती दिवस. बेरीज १० पर्यंत आली तर त्रास नगण्य, ३० पर्यंत सौम्य, ५० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. डायरी असेल तर ही उत्तरं पाच मिनिटांत देता येतात, नसेल तर अंदाजपंचे.

याच टप्प्यावर एक सापळा आहे. आधी वेदनाशामक गोळ्या मोजा. साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान (खास मायग्रेनचा झटका थांबवणाऱ्या गोळ्या) आणि मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. तसं असेल तर आधी ते सोडवावं लागतं. दुकानातून सहज मिळणाऱ्या, कॅफिन घातलेल्या मिश्र गोळ्या मुलांना देऊच नका. ॲस्पिरिनही नको.

४. औषधाआधी, आणि औषधाबरोबरही: दिवसाची घडी

हे नुसतं वाचून पुढे जाऊ नका. डॉक्टरांनी आम्हाला हे पहिल्या भेटीत सांगितलं होतं, आम्ही मान डोलावली आणि विसरलो. गोळी सुरू करूनही झोप बिघडलेलीच राहिली तर गोळीचं काम अर्धं होतं.

झोप: १२ वर्षांपर्यंत ९ ते १२ तास, त्यापुढे ८ ते १०. रविवारीही उठायची वेळ तासाभराहून जास्त पुढे जाऊ द्यायची नाही. जेवण: आपल्याकडे शाळा सकाळी लवकर भरते, मुलं चहा आणि अर्धा पाव खाऊन पळतात आणि दहा वाजेपर्यंत पोट रिकामं. आम्ही उंड्यासोबत अंडं किंवा भाजी, नाहीतर रात्रीच्या उकड्या भाताची पेज, असं काहीतरी पोटात गेल्याशिवाय दार उघडायचं नाही असं ठरवलं. पाणी: लिटरभराची बाटली, शाळा सुटेपर्यंत रिकामी. एप्रिलच्या उकाड्यात शाळा भरू लागल्यापासून तर हे जास्तच लागतं.

सणांचं काय करायचं हा आम्हाला सगळ्यात अवघड गेलेला भाग. चतुर्थीत घुमटांच्या आरत्या रात्री उशिरापर्यंत, घरात धूप आणि फटाक्यांचा धूर. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर बघायला अख्खा गाव पहाटेपर्यंत जागा. तिला घरात कोंडणं आम्हाला पटलं नाही. दुपारी दोन तास झोप, वेळेवर जेवण, ढोलांपासून आणि स्पीकरपासून लांब उभं राहणं, आणि दुसऱ्या दिवशी काही कार्यक्रम न ठेवणं, एवढ्यावर तिने दोन वर्षं नरकासुर पाहिला. दोन्ही वेळा डोकं दुखलं नाही.

५. कुठे जायचं, काय न्यायचं

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून किंवा तालुक्याच्या आरोग्य केंद्रापासून करा. तिथून चिठ्ठी घेऊन म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, किंवा बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. सकाळी लवकर निघा, आणि गाडी लागणारं मूल असेल तर बसमध्ये पुढच्या बाजूला, खिडकीशी बसवा. नाहीतर तिथे पोचेपर्यंतच झटका येतो. सोबत न्यायचं ते असं:

- मुलाचं आधार कार्ड, जन्मदाखला आणि गोव्यातला रहिवासाचा पुरावा, असल्यास डीडीएसएसवाय (राज्य सरकारच्या आरोग्यविमा योजनेचं) कार्ड
- जुने केस पेपर, चष्म्याची तपासणी, रक्ताचे अहवाल
- डोकेदुखीची डायरी आणि पहिल्या पानावर महिन्याचा सारांश: किती दिवस दुखलं, किती गोळ्या, किती शाळा बुडली
- आतापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीसुद्धा
- घरातल्या आजारांची यादी: मायग्रेन, दमा, हृदयाचे ठोके अनियमित असणं, मूतखडा, काचबिंदू, नैराश्य
- ताजं वजन, कारण मुलांचे डोस बहुतेक वजनावर ठरतात

६. औषधांची तुलना

आधी ती चाचणी, जिच्यामुळे माझे डोळे उघडले. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या ३६१ मुलांवर २४ आठवडे झालेली, २०१७ साली प्रसिद्ध झालेली. काहींना ॲमिट्रिप्टिलिन, काहींना टोपिरामेट, काहींना औषध नसलेली नुसती गोळी. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले ते ॲमिट्रिप्टिलिनवाल्या ५२ टक्के मुलांचे, टोपिरामेटवाल्या ५५ टक्के, आणि नुसत्या गोळीवाल्या ६१ टक्के. पुढे फरक दिसायची शक्यता नाही म्हणून चाचणी वेळेआधी थांबवली गेली.

हे वाचून मी हादरले होते. मग औषध द्यायचंच कशाला? डॉक्टरांनी समजावलं ते असं: तिन्ही गटांतली निम्म्याहून जास्त मुलं बरीच सुधारली, हे त्यातलं मोठं सत्य. डायरी, वेळेवरच्या भेटी, झोप आणि जेवणाची शिस्त, आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय ही जाणीव, या सगळ्याचा मुलांवर खूप परिणाम होतो. औषध हा त्यातला एक भाग. आणि गोळीने फायदा होईलच याची खात्री नसेल, तर निदान तिने नुकसान होऊ नये, हे आधी बघायचं. आमच्या निवडीची पट्टी तिथून बदलली.

आता एकेक.

फ्लुनारिझिन. भारतात मुलांना बहुधा हेच पहिल्यांदा देतात. अमेरिकेत ते मिळत नाही, युरोपात आणि आपल्याकडे बरीच वर्षं वापरात आहे. रात्री एकदाच, मुलांना सहसा ५ मिलीग्रॅम. घ्यायला सोपं. पण भूक वाढते, वजन चढतं, झोप येते, आणि काही मुलांचं मन खिन्न होतं. क्वचित हातापायांत कडकपणा किंवा कंप येतो. घरात नैराश्याचा इतिहास असेल तर आधीच सांगा. माझ्या लेकीला सहावीत हेच दिलं होतं. पाच महिन्यांत वजन चार किलो वाढलं. त्याचं मला फार वाटलं नव्हतं. पण चतुर्थीत मामेबहिणी फुगड्या घालत होत्या आणि ही, जी एरवी सगळ्यांत पुढे, ती भिंतीला टेकून बसली होती. "नको वाटतं गं आई", एवढंच म्हणाली. वयात येते आहे म्हणून मी आणखी तीन आठवडे गप्प राहिले. तसं करू नका. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी औषध बंद केलं आणि महिन्याभरात ती पूर्वीसारखी झाली.

प्रोप्रानोलॉल. मूळचं हृदयाचं आणि रक्तदाबाचं औषध. १९७४ मधल्या एका चाचणीत मुलांवर त्याचा गुण फार चांगला दिसला होता, नंतरच्या चाचण्यांत तसा दिसला नाही. वजन वाढत नाही, अभ्यासावर सहसा परिणाम नाही. पण दमा असलेल्या मुलाला हे चालत नाही. ही ओळ मी मुद्दाम वेगळी सांगते: पंप घेणाऱ्या, किंवा कधीकाळी घेतलेल्या मुलाला प्रोप्रानोलॉल नको. मधुमेह असेल तर साखर उतरल्याच्या खुणा त्याने झाकल्या जातात. फुटबॉल खेळणारी, पळणारी मुलं लवकर दमतात. नाडी मंदावते, चक्कर येते. आणि ते अचानक बंद करायचं नसतं.

इथे आपल्याकडचा एक मोठा सापळा आहे. आपल्या बाजारात फ्लुनारिझिन आणि प्रोप्रानोलॉल एकाच गोळीत घातलेली मिश्रणं मिळतात. लेकीच्या चिठ्ठीवर साधं फ्लुनारिझिन होतं. एका फार्मसीत तो ब्रँड संपला होता म्हणून "तेच औषध, कंपनी दुसरी" असं सांगून वेगळं पाकीट दिलं. घरी येऊन मागची बारीक अक्षरं वाचली तर दोन नावं. तिला लहानपणी दम्याचा पंप होता. आम्ही गोळी दिली नाही, दुसऱ्या दिवशी बदलून आणली. ॲमिट्रिप्टिलिनबाबतही तसंच: क्लोरडायझेपॉक्साइड (चिंता कमी करणारं, गुंगी आणणारं औषध) घातलेली त्याची मिश्रणं मिळतात. ब्रँड विसरा, मूळ औषधाचं नाव आणि मिलीग्रॅम पाठ करा, आणि दुकानाच्या पायरीवरच पाकीट वाचा. जनऔषधी केंद्रात तर मूळ नावानेच मागावं लागतं, आणि पैसेही पुष्कळ वाचतात.

टोपिरामेट. फिट्सचं औषध. अमेरिकेत १२ ते १७ वयोगटातल्या मायग्रेन प्रतिबंधासाठी २०१४ पासून मंजूर आहे. भूक कमी होते, वजन उतरतं, म्हणून जाड मुलांना कधी कधी सोयीचं पडतं आणि बारीक मुलांना नाही. हातापायांना मुंग्या येतात, वर सांगितलेल्या चाचणीत ३१ टक्के मुलांना आल्या. सोडा आणि कोल्ड्रिंकची चव बिघडते. काही मुलांना शब्द सुचेनासे होतात, उत्तर माहीत असून ओठांवर येत नाही. दहावीच्या वर्षात हे विचारात घ्या. मूतखड्याचा धोका असतो. आणि गोव्याच्या हवेत सगळ्यात महत्त्वाचं: यामुळे काही मुलांना घाम कमी येतो आणि अंग तापतं. मे महिन्यात मैदानावर खेळणाऱ्या मुलाचा चेहरा लाल, कातडी कोरडी दिसली तर ताबडतोब सावलीत आणा, अंग ओलं करा, डॉक्टरांना कळवा. डोळा अचानक दुखून धूसर दिसलं तरी थांबू नका. गर्भावर याचा वाईट परिणाम होऊ शकतो, म्हणून वयात आलेल्या मुलींच्या आयांनी हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं.

ॲमिट्रिप्टिलिन. जुनं, नैराश्यासाठी आलेलं, पण मायग्रेनला त्याहून बऱ्याच कमी डोसात वापरतात. चिठ्ठीवरचं नाव शोधून "नैराश्याची गोळी" वाचलं की पालक घाबरतात, मीही घाबरले. रात्री देतात, झोप आणतं, म्हणून ज्याला झोपच लागत नाही अशा मुलाला ते बसतं. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, सकाळी सुस्ती येते. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी ईसीजी काढून घेतात, आणि नसेल सांगितला तर तुम्ही विचारा. मुलांच्या मनात टोकाचे विचार येण्याचा इशारा या गटातल्या औषधांवर असतो, तेव्हा वागण्यातला बदल लगेच सांगायचा. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हे औषध फार घातक आहे. पाकीट कुलपात ठेवा, धाकटं भावंड घरात असेल तर विशेष.

आम्हाला हेच लागू पडलं. १० मिलीग्रॅमपासून सुरू केलं. तिला रात्री अकरापर्यंत झोप यायची नाही, ती तक्रारही गेली.

सायप्रोहेप्टाडिन. लहान मुलांना, सरबताच्या रूपात. भूक आणि झोप दोन्ही वाढवतं. सापळा असा की हेच औषध "भूक वाढायचं टॉनिक" म्हणूनही चालतं. आजोळहून आणलेल्या बाटलीत तेच असेल आणि वर डॉक्टरांनीही तेच लिहिलं, तर डोस दुप्पट होतो.

व्हॅलप्रोएट. मुलींना टाळतात, कारण गर्भावर गंभीर परिणाम होतात. वजन वाढणं, केस गळणं, यकृतावर ताण, हेही आहेच. हे लिहून दिलं तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना कारण विचारा.

जीवनसत्त्व ब-२, मॅग्नेशियम, को-एन्झाइम क्यू-१०. पुरावा तोकडा, त्रासही थोडा. ब-२ ने लघवी गर्द पिवळी होते, घाबरू नका. मॅग्नेशियमने पोट ढिलं होतं. सौम्य त्रास असलेल्या मुलाला डॉक्टर हे आधी देऊन बघतात.

नवी इंजेक्शनं. फ्रेमानेझुमॅब हे महिन्याचं इंजेक्शन अमेरिकेत २०२५ मध्ये ६ ते १७ वर्षांच्या, ४५ किलो किंवा अधिक वजनाच्या मुलांसाठी मंजूर झालं. बातमी वाचून लगेच मागणी करायची गोष्ट ही नाही, पण दोनतीन औषधं नीट देऊनही गुण नसेल तर तज्ज्ञांना त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

आणि जे गोळीत नाही ते. विचार आणि वागणुकीवर काम करणारी मानसोपचार पद्धत, सीबीटी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १० ते १७ वर्षांची, जवळजवळ रोज डोकं दुखणारी १३५ मुलं होती. सगळ्यांना ॲमिट्रिप्टिलिन दिलं. त्यातल्या ज्यांना सोबत सीबीटी मिळाली त्यांचे २८ दिवसांतले डोकेदुखीचे दिवस सरासरी ११.५ ने कमी झाले, ज्यांना नुसती माहिती दिली त्यांचे ६.८ ने. औषधाऔषधांत न सापडलेला फरक इथे सापडला. बांबोळीलाच आयपीएचबी, म्हणजे मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. त्या इमारतीचं नाव काढलं की आपल्याकडे लोक कुजबुजतात, म्हणून आम्ही चार महिने घालवले. लेक तिथे श्वास संथ करायला, खांदे सैल सोडायला आणि "आता परीक्षा बुडणार" या विचाराला अडवायला शिकली. ते अजून तिच्याजवळ आहे.

७. गोळी सुरू केल्यावर

कमी डोसापासून सुरुवात, दर एकदोन आठवड्यांनी थोडं वर, आणि पूर्ण डोसावर निदान दोन महिने. त्याआधी "काही फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलू नका. आम्ही पाच आठवड्यांनी दुसरीकडे जायला निघालो होतो, गेलो असतो तर तिथे नवीन औषध, पुन्हा पहिल्यापासून. फरक म्हणजे दुखणं शून्यावर येणं नव्हे, दिवस निम्म्याने कमी होणं. आमचे ११ चे पहिल्या दोन महिन्यांत ६ झाले, पुढे ३.

दर महिन्याला वजन, झोप, भूक आणि मन, चार गोष्टी डायरीत लिहा. एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका.

८. तरीही झटका आलाच तर

दुखायला लागल्यापासून अर्ध्या तासात गोळी, हे सगळ्यात महत्त्वाचं. वाट बघत बसलं की गोळी उलटीतून जाते. डॉक्टर बहुधा आयबुप्रोफेन सांगतात, वजनाच्या किलोमागे सुमारे १० मिलीग्रॅम, किंवा पॅरासिटामॉल किलोमागे सुमारे १५. दोन्ही आठवड्यातून दोनतीन दिवसांपेक्षा जास्त नकोत. दम्याच्या मुलाला आयबुप्रोफेन विचारूनच. आणि पावसाळ्यात डोकेदुखीबरोबर ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन बिलकुल नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

शाळेला डॉक्टरांचं पत्र द्या. त्यात तीन गोष्टी लिहून घ्या: वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवायची परवानगी, झटका आला की गोळी द्यायची सोय, आणि अर्धा तास अंधारात पडू देणं. पत्र नव्हतं तेव्हा एका बाईंनी लेकीला "गणिताच्या तासालाच बरं दुखतं" असं वर्गासमोर म्हटलं होतं. पत्र दिल्यावर त्याच बाई तिला स्वतः आजारी खोलीत नेऊ लागल्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

९. औषध बंद करताना

सहा महिने ते वर्षभर बरं चाललं की बंद करायचा विचार होतो. मनाने थांबवू नका. प्रोप्रानोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट ही सगळी टप्प्याटप्प्याने उतरवायची असतात. वेळ निवडा: परीक्षेचे दिवस नकोत, चतुर्थीचा आठवडा नको, शाळा सुरू होण्याचा आठवडा नको. आम्ही मे महिन्याची सुट्टी धरली आणि त्या वर्षी सत्तरीला जाणं पंधरा दिवस पुढे ढकललं, काजूचा हंगाम सरेपर्यंत. दर दोन आठवड्यांनी थोडं कमी, आणि डायरी पहिल्यासारखीच रोज. जूनमध्ये दोन झटके आले, जुलैमध्ये एक. डॉक्टरांनी वही बघितली आणि पुढच्या भेटीची तारीख सहा महिन्यांनंतरची दिली. वही अजून चालू आहे, आता तिच्याच अक्षरात.